शाळेआधीचं घर: कागदाची कामं पावसाच्या आत

घर कल्याणचं, वन बीएचके. मुलं दोन, चौथी आणि सातवी. शाळा १५ जूनच्या आसपास उघडते आणि मुंबईच्या बाजूला मोसमी पाऊस पोचण्याची सरासरी तारीख ११ जून. सगळं वेळापत्रक या दोन तारखांवरून ठरवलं. हवेत ओल आली की कागद मऊ पडतो, घडी धारदार बसत नाही, चिकटपट्टी दोन दिवसांत सुटते. म्हणून कागदाची कामं मे महिन्यात, लाकूड-खिळ्यांची त्यानंतर, कपडे-डबे शेवटी. विदर्भात शाळा जूनअखेर उघडते, पण पाऊस तिथंही बहुधा त्याआधीच येतो. कागद मेमध्येच उरकलेला बरा.

२० मे : जुन्या वह्या

कपाट पूर्ण रिकामं करून गेल्या वर्षीच्या वह्या तीन ढिगांत लावल्या: निम्म्याहून जास्त कोऱ्या, थोड्या कोऱ्या, पूर्ण भरलेल्या. निम्म्याहून जास्त कोरी वही सुटी करायची नाही. भरलेला भाग मोठ्या क्लिपेत अडकवून तीच वही रफ म्हणून चालू ठेवायची.

थोड्या कोऱ्या वह्यांत नेहमी एक चूक होते. मधोमध पिना मारलेली किंवा शिवलेली वही ही एकाच घडीची असते. तिच्या शेवटचं कोरं पान म्हणजे सुरुवातीच्या भरलेल्या पानाचाच दुसरा अर्धा भाग. ते ओढून काढलं की पुढचं पान सुटतं आणि हाती येतो फाटक्या कडेचा कागद. तसं न करता घडीपासून १ सेंमी सोडून स्टीलच्या पट्टीवर कटर चालवायचा, एका वेळी आठ-दहाच पानं. जास्त घेतली की खालची पानं तिरकी कापली जातात. कसर लागलेली, बारीक भोकांची पानं सरळ रद्दीत. ती कपाटात परत गेली तर नव्या वह्यांनाही कसर लागते.

हाती आलं: २४० पानं. प्रत्येकी ८० पानांच्या तीन रफ वह्या होतील.

२४ मे : रफ वह्यांची शिलाई

सुटी पानं मधोमध शिवता येत नाहीत, कडेनं शिवावी लागतात. ८० पानांचा गठ्ठा साधारण ६ मिमी जाड होतो. वर-खाली जुन्या वहीचे पुठ्ठे लावून, कापलेली कड टेबलावर आपटून सारखी केली आणि दोन क्लिपांनी आवळली.

भोकं पाच, कडेपासून १ सेंमी आत. लाँग बुकची उंची २७ सेंमी, म्हणून पहिलं भोक वरून दीड सेंमीवर आणि पुढची दर ६ सेंमीवर. दाभण एका दमात आरपार जात नाही. जोर लावला की ते तिरकं जातं आणि खालच्या पुठ्ठ्यावर भोकांची ओळ वाकडी निघते. खाली लाकडी फळी ठेवून २ मिमीच्या बिटनं ड्रिल केलं तर पाचही भोकं सरळ पडतात. ड्रिल नसेल तर बारीक खिळा आणि हातोडी.

दोरा गोधडीचा, ७५ सेंमी, मेणबत्तीवरून दोनदा ओढलेला. मेणामुळे गाठ सरकत नाही आणि दोरा ओल कमी धरतो. भोकांना वरून १ ते ५ आकडे दिले तर क्रम असा: ३ मधून खालून वर (खाली १० सेंमी शेपूट सोडून), २ मधून खाली, १ मधून वर, पुन्हा २ मधून खाली, ३ मधून वर, ४ मधून खाली, ५ मधून वर, पुन्हा ४ मधून खाली. आता दोऱ्याची दोन्ही टोकं खालच्या बाजूला आली. तिसऱ्या भोकावर दुहेरी गाठ. दोन्ही पुठ्ठ्यांवर अखंड रेघ दिसली पाहिजे. मध्ये मोकळी जागा दिसली तर एक टाका चुकला आहे, तिथपर्यंत उसवून पुन्हा घालावा.

अशी वही पूर्ण सपाट उघडत नाही, रुंदीही १५ सेंमीच्या आसपास उरते. गणिताच्या कच्च्या कामाला उत्तम, शुद्धलेखनाला नको.

शिलाईच्या कडेवर कापडी पट्टी लावायची तर खळ वापरू नये. पिठाची खळ म्हणजे कसरीला जेवण. बाइंडर खळीत मोरचूद घालतात ते त्यासाठीच, पण मोरचूद विषारी असतं. मुलं हाताळणार त्या वहीला ते अजिबात नको. पांढरा फेव्हिकॉल पुरतो.

३० मे : कव्हरं

यंदाची खरेदी: १४ लाँग बुक (एकरेघी आणि चौकटी), चौथीसाठी ६ छोट्या दुरेघी. खाकी कागदाचे ५० सेंमी रुंद, ५ मीटरचे दोन रोल.

माप काढायची रीत: रुंदी = वहीची रुंदी दुप्पट + पाठीची जाडी + दोन्ही बाजूंना ७ सेंमी आत जाणारी दुमड. उंची = वहीची उंची + वर-खाली ३ सेंमी. १७ × २७ च्या लाँग बुकला ४९ × ३३ सेंमीचा तुकडा लागतो. १५.५ × १९ च्या छोट्या वहीला ४५.५ × २५.

वहीची उंची रोलच्या लांबीच्या दिशेनं ठेवायची. रोलमध्ये कागदाचे तंतू लांबीच्या दिशेनं असतात आणि तंतूंना समांतर घडी स्वच्छ पडते. आडवी घातली तर पाठीवर चिरा दिसतात आणि जुलैपर्यंत कागद तिथंच फाटतो. १४ लाँग बुकांना ४.६२ मीटर, ६ छोट्यांना १.५० मीटर गेले. उरले ३.८८ मीटर.

दुमडी वही बंद ठेवूनच पाडायच्या. उघड्या वहीवर माप घेतलं की पाठीचा वळसा हिशोबात येत नाही, मग वही मिटताना कव्हर ताणतं आणि कोपऱ्यातून फाटतं. पाठीच्या वर आणि खाली दोन तिरके काप देऊन मधली जीभ आत दुमडायची. ती तशीच राहिली तर पाठीशी फुगवटा होतो आणि दप्तरात घासून आधी तीच जागा फाटते. चिकटपट्टी कव्हरच्या कागदावरच लावावी, वहीच्या पुठ्ठ्यावर नाही, म्हणजे दिवाळीनंतर कव्हर बदलता येतं.

वरून प्लास्टिकचं कव्हर घालायचं तर खाकी कव्हर आधी दोन दिवस पंख्याखाली. ओल आत अडकली की ऑगस्टमध्ये काळे ठिपके येतात, ते बुरशीचे. नावाची चिठ्ठी बॉलपेननं लिहावी. जेल पेनची शाई एका ओल्या दप्तरात पसरते. चिठ्ठीवर ५ सेंमी रुंद पारदर्शक पट्टी.

शिल्लक कागद पाठ्यपुस्तकांसाठी. अनुदानित आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत आठवीपर्यंतची पुस्तकं शाळेतच मिळतात, त्यामुळे ती कव्हरं पावसातच घालावी लागतात. २१ सेंमी रुंदीच्या पुस्तकाला ५० सेंमीच्या रोलमध्ये दुमडीला जेमतेम पावणेचार सेंमी उरतात आणि कव्हर सुटतं. तिथं नाइलाजानं कागद फिरवून ५४ सेंमी लांबीत घ्यायचा. घडी थोडी कमी स्वच्छ पडेल, ती आधी बोथट सुरीनं रेघ ओढून घेतली की बरी बसते. ३.८८ मीटरमध्ये अशी सात बसतात.

३ जून : दाराजवळची पट्टी

चिकटवायचे हुक डिस्टेंपरच्या भिंतीवर टिकत नाहीत. डिंक धरतो, पण रंगाचा थरच हुकासकट निघून येतो. त्याऐवजी ९० सेंमी लाकडी पट्टी, तीन स्क्रू, ६ मिमीचं भोक आणि प्लास्टिकची गिट्टी (भोकात बसवून स्क्रू घट्ट धरणारी नळी). भोकातली भुकटी फुंकून काढल्याशिवाय गिट्टी घालू नये, ती फिरत राहते. पट्टीवर चार हुक, २० सेंमी अंतरानं, जमिनीपासून १०५ सेंमीवर. चौथीतल्या मुलाचा हात सहज पोचायला हवा, नाहीतर दप्तर पुन्हा सोफ्यावरच पडणार. दोन हुक दप्तरांना, दोन रेनकोटांना, मध्ये एक हुकाचं अंतर मोकळं. रेनकोटाखाली जुनी ॲल्युमिनियमची परात.

७ जून : गणवेश, डबे

सुती गणवेश दुमड घालण्याआधी एकदा भिजवून वाळवला, आटायचं ते आधीच आटून जावं म्हणून. आतल्या दुमडीत ५ सेंमी कापड ठेवलं. स्टीलच्या डब्यांवर भांड्यांच्या दुकानात नाव कोरून घेतलं, चिठ्ठ्या घासणीपुढे टिकत नाहीत. झाकणाचं रबर ताणून पाहावं, बारीक चिरा दिसल्या तर बदलावं.

१० जून : दप्तराचं वजन

२०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणानुसार तिसरी ते पाचवीला १.७ ते २.५ किलो, सहावी-सातवीला २ ते ३ किलो. इथं वह्यांची निवड कामी येते. २०० पानी लाँग बुक (दुकानात पानी म्हणजे पृष्ठं) सुमारे ३०० ग्रॅम भरते, १०० पानी १७० ग्रॅम. रोज न्यायच्या चार वह्या १०० पानी घेतल्या की अर्धा किलो वाचतो. एक लिटरची भरलेली बाटली एकटीच किलोच्या वर जाते. शाळेत पिण्याचं पाणी चांगलं असेल तर अर्ध्या लिटरची पुरे. वजन सामान तोलायच्या हुककाट्यावर करावं, घरच्या वजनकाट्यावर उभं राहून वजाबाकी केली तर दोनशे-तीनशे ग्रॅमचा घोळ होतो.

चौथीचं दप्तर २.४ किलो, सातवीचं ३.३. सातवीतून ३०० ग्रॅम काढायचे आहेत, बहुतेक कंपासपेटीचा स्टीलचा डबा आणि जादाची रफ वही जाईल.

१६ जून : पहिला ओला दिवस

परातीत वाटीभर पाणी साचलं, फरशी कोरडी. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे, तासाभरानं बदलले, मग रात्रभर पंखा. पहिलेच बोळे सकाळपर्यंत ठेवले तर त्यांतली ओल बुटातच राहते आणि वास येतो. चौथीची चार पुस्तकं आली, चारही कव्हरं घातली. सातवीची यायची आहेत, १.७२ मीटर कागद शिल्लक आहे, म्हणजे तीन कव्हरं निघतील. तिसरा रोल लागणारच.