ऑक्सफर्ड सर्कसच्या डोक्यावरचं जाळं

जानेवारी २०१६. लंडनमध्ये 'ल्युमिएर लंडन' हा प्रकाशोत्सव पहिल्यांदाच भरला होता. ऑक्सफर्ड सर्कसचा चौक वाहनांना बंद होता आणि एरवी जिथून बसगाड्यांची रांग हटत नाही, त्या डांबरावर माणसं खुशाल पाठ टेकून आडवी झाली होती. मीही झाले. थंडी हाडांत शिरत होती, पण उठवेना.

वर होतं अमेरिकन शिल्पकार जॅनेट एकेलमन यांचं '१.८ लंडन' हे शिल्प. चारी बाजूंच्या इमारतींना दोरांनी बांधलेलं, रंगीत सुतांचं अवाढव्य जाळं. २०११च्या जपानमधल्या भूकंपानं पृथ्वीचा दिवस १.८ मायक्रोसेकंदांनी आखूड झाला, तेच हे नाव. आकार घडवलाय त्या त्सुनामीच्या लाटांच्या नोंदींवरून. शेजारची मुलगी मोबाइलवर बोट टेकवायची आणि वर जाळ्यावर रंगांचे तरंग उठायचे. मला मात्र वाऱ्याचंच जास्त अप्रूप वाटलं. झुळूक आली की एक कड खाली झुके, दोर ताणला जाई आणि क्षणभरानं पलीकडची कड सावकाश वर येई.

या सगळ्याचं मूळ आपल्या महाबलीपुरमला आहे. १९९७ साली एकेलमन तिथे चित्रकार म्हणून आल्या होत्या, पण त्यांचे रंग पोहोचलेच नाहीत. किनाऱ्यावर कोळ्यांच्या जाळ्यांचे ढीग दिसले आणि त्या कोळ्यांनाच सोबत घेऊन त्यांनी पहिली शिल्पं केली. दगड-धातूच्या वजनाशिवायही शिल्प उभं राहतं, हे तिथे उमगलं.

पण जाळं गावोगाव फिरायला लागलं ते २०१०मध्ये, अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरापासून. तिथल्या '१.२६' या शिल्पासाठी एकेलमन यांनी धातूचा सांगाडाच काढून टाकला. वजनाच्या मानाने पोलादाहून १५ पट मजबूत धागा वापरला. शिल्प इतकं हलकं झालं की ते असलेल्या इमारतींनाच बांधता आलं. पुढे तेच सिडनी, अ‍ॅमस्टरडॅम, सिंगापूरला गेलं.

ज्यांना कायमचं काही पाहायचंय त्यांनी पोर्तुगालमध्ये पोर्तोजवळच्या मातोझिन्युशला जावं. एकेलमन यांचं २००५चं जाळं तिथे पोलादी कड्यावर, खांबांच्या आधारानं उभं आहे. तेही देखणं आहे, पण माझा कौल फिरत्या जाळ्यालाच. दर मुक्कामी त्याला नव्या भिंती शोधाव्या लागतात, तिथल्या वाऱ्याशी नव्यानं जुळवून घ्यावं लागतं. म्हणून तर लंडनचं जाळं लंडनचंच वाटलं.