लेबलवर एक, बिलात दुसरंच

सेल आदल्या रात्री संपला होता. ठरल्याप्रमाणे मध्यरात्री कम्प्युटरमधले भाव आपोआप मूळ भावावर गेले. शेल्फवरची लेबलं मात्र माणसांनी बदलायची असतात, आणि रात्रपाळीत लेबलांचा प्रिंटर अर्ध्यावरच बंद पडला. रात्रपाळीच्या मुलांनी तसं वहीत लिहून ठेवलं होतं. ती वही स्टोअररूममध्येच राहिली. सकाळी दुकान उघडलं तेव्हा चादरी-टॉवेलच्या आणि विजेच्या वस्तूंच्या विभागात शेल्फवर सेलचेच भाव होते, आणि बिलिंगला मूळ भाव लागत होते.

मी घरगुती वस्तूंच्या एका मोठ्या दुकानात बिलिंगची सुपरवायझर आहे. बिलातून एखादी वस्तू काढायची असेल, म्हणजे आम्ही ज्याला व्हॉइड म्हणतो ते करायचं असेल, तर कॅशिअरला मला बोलवावं लागतं. माझी किल्ली लागल्याशिवाय ते होत नाही. त्या सकाळी मला एकसारखी हाक येत होती. या काउंटरवर चादर काढा, त्या काउंटरवर इस्त्री काढा, परत चादर. प्रत्येक व्हॉइडला मशीन कारण विचारतं, आणि कॅशिअर ठरलेलं बटण दाबतात : ‘ग्राहकाला नको’. कागदावर सगळं व्यवस्थित होतं. पण एकाच विभागातली चादर इतक्या जणांना ऐन बिलाच्या वेळी नकोशी होईल, हे पटण्यासारखं नव्हतं. मी एका कॅशिअरला थांबवून विचारलं. ती म्हणाली, “मॅडम, लोक म्हणतात लेबलवर कमी आहे. मी सांगते, कम्प्युटरमध्ये हेच आहे.”

‘कम्प्युटरमध्ये हेच आहे.’ बिलिंगवर इतकी वर्षं काढल्यावर माझं ठाम मत झालंय की दुकानात ग्राहकाशी बोललं जाणारं याहून वाईट वाक्य नाही. त्यात उद्धटपणा नसतो, आवाजही चढलेला नसतो. पण समोरच्याने डोळ्यांनी वाचलेली गोष्ट खोटी ठरते आणि बोलणं तिथेच संपतं. त्या मुलीचा त्यात दोष नव्हता. तिच्या हातात दुसरं वाक्यच दिलेलं नव्हतं.

बारकोडमध्ये सहसा वस्तूचा भाव नसतो, हे खरेदी करणाऱ्या पुष्कळांना माहीत नसतं. काळ्या पट्ट्यांखाली बहुधा 13 आकडे असतात. तो त्या वस्तूचा नुसता क्रमांक, आणि त्यातला शेवटचा आकडा तर बाकीचे बरोबर वाचले गेले का हे तपासण्यापुरता. भाव असतो दुकानाच्या कम्प्युटरमध्ये. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या एका दुकानात 26 जून 1974 रोजी गल्ल्यावर पहिल्यांदा असा बारकोड वाचून बिल झालं. त्याआधी दुकानांत नगानगावर भावाची चिठ्ठी चिकटवलेली असायची आणि ग्राहक व कॅशिअर दोघंही तीच वाचायचे. आता ग्राहक शेल्फवरचं लेबल वाचतो आणि कॅशिअर स्क्रीन. दोन्हीकडे एकच भाव ठेवणं ही पूर्णपणे दुकानाची जबाबदारी आहे. ग्राहकाला यातलं काही माहीत असायची गरज नाही. त्याच्या लेखी लेबल हा आम्ही दिलेला शब्द आहे.

माझं विचारणं चालू होतं तोवर पलीकडच्या काउंटरवर आवाज चढला. एक गृहस्थ मोबाइलवर लेबलचा फोटो काढून आले होते. “हे काय आहे? हे तुम्हीच लावलंय ना?” ते ओरडत होते, आणि त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. फ्लोअरवरच्या एका वरिष्ठांनी धावत येऊन त्यांची माफी मागितली, आपल्या अधिकारात लेबलचा भाव लावून दिला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे न बघता निघून गेले.

त्यांच्या मागे एक बाई उभ्या होत्या. त्यांच्या टोपलीतही तीच चादर होती. त्यांनी सगळं ऐकलं, पाहिलं. त्यांची पाळी आली तेव्हा स्क्रीनवर मूळ भाव उमटला. त्यांनी क्षणभर कॅशिअरकडे बघितलं आणि म्हणाल्या, “राहू दे, ही काढून टाका.” मला हाक आली. किल्ली फिरवायच्या आधी मी म्हणाले, “ताई, थांबा जरा, मी बघते.” त्या म्हणाल्या, “नको हो, उगाच कशाला वाद,” आणि बाकीच्या वस्तूंचे रोख पैसे देऊन निघून गेल्या.

त्या दिवसातलं मला सर्वांत जास्त लागलं ते हे. ओरडणाऱ्या गृहस्थांविषयी माझ्या मनात काहीच वावगं नाही, त्यांनी हक्काचं तेच मागितलं. पण एकाच काउंटरवर, एकामागोमाग एक, त्याच वस्तूचा भाव माणसाच्या आवाजावर ठरला. आणि आमच्या नोंदीत त्या बाई कशा उरल्या? ‘ग्राहकाला नको.’

मी मॅनेजरना फोन लावला. ते बाहेर बैठकीत होते. दबक्या आवाजात म्हणाले, “ज्याची तक्रार येईल त्याला देऊन टाका. बाकीच्यांना कशाला सांगत बसायचं?” हे उत्तर मी अनेक दुकानांतून ऐकलंय आणि दर वेळी ते व्यवहारी म्हणूनच दिलं जातं. मला ते अन्यायाचं वाटतं. 15 मार्च 1962 रोजी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी अमेरिकी काँग्रेसला पाठवलेल्या संदेशात ग्राहकाचे चार हक्क मांडले होते : सुरक्षिततेचा, माहितीचा, निवडीचा आणि म्हणणं ऐकलं जाण्याचा. आमच्याकडे नवीन मुलांना पहिल्याच आठवड्यात हे शिकवतात. मी मॅनेजरना म्हणाले, “सर, सांगायचं नाही असं ठरवलं तर माहितीचा हक्क आपणच काढून घेतला. आणि ऐकून घ्यायला ओरडावं लागत असेल, तर तोही गेला.” ते गप्प झाले. मग मी पैशांचं बोलले : नवी लेबलं लागायला दुपार होईल, तोवर इथे भांडणं होतील आणि रांग दारापर्यंत जाईल. ते म्हणाले, “ठीक आहे. लेबलं बदलेपर्यंत सगळ्यांना लेबलचा भाव. तुमच्या सहीने.”

रांग तोवर खरंच दाराच्या दिशेने वाढली होती. कारण कळलं नाही की थांबणं लांबत जातं, आणि किती वेळ लागणार ते ठाऊक नसलं की जास्तच. डेव्हिड मेस्टर या व्यवस्थापनाच्या अभ्यासकाने 1985 मध्ये रांगेत थांबणाऱ्यांच्या मनःस्थितीवर लिहिताना हे नेमकं टिपलंय. मी आमच्या सगळ्यांत नव्या कॅशिअरला, सकाळपासून बोलणी खाणाऱ्या त्याच मुलीला, पुढे उभं केलं. तिने मोठ्यांदा सांगितलं, “आमची लेबलं बदलायची राहिली आहेत. तुम्हाला लेबलवर दिसला तोच भाव सगळ्यांना लागेल, वेगळं सांगायची गरज नाही. भाव हाताने टाकायचे आहेत म्हणून साधारण पंधरा मिनिटं लागतील.” रांग तेवढीच होती, कामही तेवढंच. पण लोकांचे खांदे सैल झालेले दिसले. एक आजोबा तिला म्हणाले, “बरं केलंस हो, सांगितलंस ते.” तिचा चेहरा खुलला. ग्राहकाकडे बघून हसा, असं प्रशिक्षणात बजावलं जातं. खोटं पाडायचं वाक्य तोंडात घेऊन कोणाला हसता येतं?

पुढचं काम किचकट होतं. सकाळपासून ज्यांनी मूळ भावाने पैसे भरून वस्तू नेल्या होत्या, त्यांचं काय? वस्तूच्या क्रमांकावरून ती बिलं निघाली. ज्यांचे सभासद क्रमांक होते त्यांना आम्ही फोन लावायला घेतले, आणि बहुतेकांना ती फसवणूक वाटली. ‘तुमचे पैसे परत द्यायचे आहेत’ असं वाक्य आजकाल चोरच बोलतात, त्यामुळे लोकांनी फोन आपटले यात नवल नाही. मग आम्ही सुरुवातच बदलली : “आम्ही बँकेचं काही विचारणार नाही, ओटीपी मागणार नाही. पुढच्या वेळी याल तेव्हा आजचं बिल आणा, फरक रोख मिळेल.” तेव्हा कुठे लोक ऐकून घ्यायला लागले. ज्यांचे क्रमांक नव्हते त्यांच्यासाठी दारावर सूचना लावली. त्या चादरवाल्या बाईंचा क्रमांक आमच्याकडे नव्हता, आणि वस्तूच घेतली नाही म्हटल्यावर परत द्यायचं तरी काय? आमच्याकडून त्यांचं नुकसान झालं ते झालंच.

त्यानंतर दुकानात दोन बदल झाले. व्हॉइडच्या कारणांमध्ये ‘भाव जुळला नाही’ असं वेगळं बटण आलं, आणि ते दाबलं की त्या विभागाच्या माणसाला लगेच निरोप जातो. शिवाय भाव बदलण्याच्या दिवशी दार उघडायच्या आधी एक जण स्कॅनर घेऊन शेल्फवरून फिरतो आणि लेबल व कम्प्युटर ताडून बघतो. तिसरी मागणी अजून मान्य झालेली नाही. ठरावीक रकमेपर्यंतचा फरक असेल तर कॅशिअरने कुणालाही न बोलावता लेबलचा भाव लावावा, एवढीच ती आहे. मुलं गैरफायदा घेतील, असं वरून उत्तर आलं. मी त्यावर लिहून दिलंय की अशी प्रत्येक नोंद मशीनमध्ये नावानिशी राहते, मी ती रोज संध्याकाळी तपासीन. पुढच्या महिन्याच्या बैठकीत तो विषय परत येणार आहे आणि या वेळी ती नवी कॅशिअर माझ्यासोबत बसणार आहे.