बर्फाच्या अलीकडचे आणि पलीकडचे जपान

जपानला जायचे म्हटले की आपल्याकडच्या सहल कंपन्या मार्चअखेर आणि एप्रिल सोडून दुसरे कॅलेंडर उघडतच नाहीत. साकुरा, म्हणजे चेरी, तेव्हा फुललेला असतो हे खरे. पण त्या दिवसांत क्योटोमध्ये झाडांपेक्षा झाडाखालची गर्दीच अधिक पाहावी लागते, असे जाऊन आलेल्या एकापेक्षा अधिक जणांनी सांगितले होते. म्हणून आम्ही जानेवारीचा पहिला पंधरवडा ठरवला. गल्लीत सर्वांनी वेड्यात काढले. "थंडीच खायची असेल तर महाबळेश्वर काय वाईट आहे?" असे शेजारच्या काकांनी विचारले आणि त्यांना पटेल असे उत्तर तेव्हा माझ्यापाशी नव्हते. आता आहे, आणि ते बरेचसे जेवणाच्या ताटाविषयीचे आहे. मी, पत्नी आणि सत्तरी ओलांडलेली आई असे तिघे महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईला आणि तिथून विमानाने टोकियोला गेलो.

जपानचा हिवाळा सगळीकडे सारखा नसतो, ही गोष्ट आधी समजून घेतली पाहिजे. सायबेरियाकडून येणारे गार, कोरडे वारे जपानच्या समुद्रावरून वाहताना भरपूर बाष्प उचलतात, होन्शू बेटाच्या मधोमध उभ्या असलेल्या डोंगररांगांना अडतात आणि ते सारे बाष्प पश्चिमेच्या बाजूला बर्फ होऊन कोसळते. डोंगर ओलांडून टोकियोच्या अंगाला उतरेपर्यंत वाऱ्यात ओल उरलेली नसते. आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यात पावसाळ्यात गगनबावड्याला आठवडा-आठवडा सूर्य दिसत नाही आणि त्याच वेळी शिरोळचा शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो, तसाच हा प्रकार. त्यामुळे एकाच प्रवासात, काही तासांच्या अंतराने, स्वच्छ निळे आकाश आणि माणसाच्या उंचीचे बर्फाचे ढीग असे दोन्ही पाहायला मिळते, आणि डोंगराच्या कोणत्या बाजूला आपण आहोत त्यावर समोर काय वाढले जाईल हेही पुष्कळसे ठरते.

टोकियोविषयी थोडक्यातच लिहितो, कारण त्या शहराविषयी सर्वांनीच लिहिले आहे. हिवाळ्यातली कोरडी हवा असल्यामुळे उंच इमारतीच्या गच्चीवरून फुजी पर्वत स्पष्ट दिसला. उन्हाळ्यात तो दिवसेंदिवस ढगांत दडलेला असतो. आसाकुसाच्या सेन्सोजी मंदिरात नववर्षाच्या पहिल्या दर्शनाची रांग अजून ओसरली नव्हती. त्सुकिजीचा घाऊक मासळी बाजार २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये तोयोसूला हलवला गेला, परंतु त्याच्या बाहेरच्या गल्ल्या जागच्या जागी आहेत, आणि तिथे सकाळी उभ्याने खाल्लेले काडीवरचे गरम आमलेट इतके गोड निघाले की पत्नीने ते नाश्त्यात नव्हे, तर पक्वान्नात धरावे असा निकाल दिला. मला अधिक आवडली ती पेयांची यंत्रे. रस्त्याच्या कोपऱ्याकोपऱ्यावर उभ्या असलेल्या या यंत्रांत थंड पेयांखाली निळी आणि गरम पेयांखाली लाल पट्टी असते. नाणी टाकली की मक्याच्या सूपचा कढत डबा खाली घरंगळतो, तो आधी दोन्ही तळव्यांत धरून हात शेकायचे आणि मग प्यायचे. तळाशी चिकटलेले मक्याचे दाणे शेवटपर्यंत बाहेर येत नाहीत, एवढीच त्याची खोड. एक गोष्ट मात्र कोल्हापूरकरांनी मनाची तयारी करून स्वीकारावी : होक्काइदो वगळता जपानमध्ये मटण जवळजवळ खाल्लेच जात नाही. तांबडा-पांढरा रश्श्याची आठवण तिथे काढू नये.

आई मंगळवार आणि शुक्रवार पाळते. जपानमध्ये याची खरी अडचण मांसाची नसून पाण्याची आहे. म्हणजे ज्या पाण्यात भाजी शिजते, नूडल्स येतात किंवा सूप होते त्या दाशी नावाच्या अर्काची. तो बहुधा बोनिटो माशाला उकडून, धुरी देऊन आणि वाळवून लाकडासारखा कडक केल्यावर त्याचे जे पापुद्रे काढतात त्यांपासून बनतो. समोरचा पदार्थ दिसायला निव्वळ मुळा आणि टोफू असतो, पण मासा रसात असतोच. हॉटेलातल्या माणसाला "मांस नको" एवढेच सांगून भागत नाही. म्हणून पहिला शुक्रवार आम्ही नागानोच्या झेन्कोजी मंदिराला दिला होता. या मंदिराभोवती भक्तनिवास आहेत आणि तिथे बौद्ध भिक्षूंच्या पद्धतीचे शाकाहारी जेवण मिळते, ज्यात दाशीसुद्धा कोंबू हे समुद्रातले शेवाळ आणि वाळलेल्या शिताके अळंब्या यांची असते. बुटक्या टेबलावर लहान लहान वाट्या मांडल्या होत्या : तिळाचा घट्टसर टोफू, वाफवलेला सलगम, तळलेले कमळकाकडीचे काप, लोणचे आणि भात. आईने पहिला घास घेऊन मला विचारले, "ह्यात नाही ना रे काही?" आणि नाही म्हटल्यावर सगळ्या वाट्या रिकाम्या केल्या.

झेन्कोजीची मुख्य मूर्ती कोणालाच दिसत नाही. जपानमध्ये आलेली ही पहिली बुद्धमूर्ती असे परंपरा मानते, ती सहाव्या शतकात आल्याचे सांगतात, आणि ती मंदिराच्या पुरोहितांनाही पाहता येत नाही. तिची प्रतिकृती तेवढी जपानी मोजणीप्रमाणे सात वर्षांतून एकदा दर्शनासाठी बाहेर काढतात. आजचे भव्य मुख्य मंदिर १७०७ चे आहे. गर्भगृहाच्या खालून काळोखा भुयारी मार्ग जातो. डोळ्यांपुढे धरलेला हातही दिसत नाही अशा अंधारात भिंत चाचपत जायचे आणि मूर्तीच्या बरोबर खाली असलेली कुलपाची कडी हाताला लागली की पुण्य पदरात पडले असे समजायचे. मला ती लागली. पहाटेच्या पूजेसाठी प्रमुख पुरोहित येतात तेव्हा वाटेवर भाविक गुडघे टेकून ओळीने बसतात आणि ते प्रत्येकाच्या डोक्याला जपमाळेचा स्पर्श करत पुढे जातात. आईची गुडघेदुखी त्या दिवशी कुठे गेली होती कोण जाणे. झाडून काढलेल्या बर्फाच्या कडेला ती सर्वांत आधी बसली.

दुसरा दिवस सात जानेवारीचा होता. त्या सकाळी जपानमध्ये सात कोवळ्या पालेभाज्या घालून केलेला मऊ भात खाण्याची प्रथा आहे. नववर्षाच्या मेजवान्यांनी जड झालेल्या पोटाला विसावा म्हणून. मुळ्याचा आणि सलगमाचा पाला त्या सातांत असतो. आम्हाला मिळालेला भात जवळजवळ बिनमिठाचा होता, आणि पत्नीने पिशवीतली चटणीची डबी काढली. तिखटाची ही भूक मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या यावाताया इसोगोरो या दुकानात थोडी भागली. १७३६ पासून ते सात जिनसांची तिखट पूड विकतात : लाल मिरची, सान्शो मिरी, आले, भांगेचे बी, तीळ, संत्र्याच्या जातीच्या फळाची वाळवलेली साल आणि शिसोची पाने. तिखटपणात ती आपल्या कांदा-लसूण चटणीच्या वाऱ्यालाही उभी राहत नाही, परंतु बकव्हीटच्या, म्हणजे कुट्टूच्या, गरम नूडल्सवर भुरभुरली की आधी सालीचा वास, मग जिभेवर सान्शोची झिणझिणी आणि शेवटी घशात आल्याची ऊब असा तिचा क्रम लागतो. बकव्हीटही इथे आवडीने नव्हे, गरजेने आले. भात पिकत नाही अशा उंच, थंड आणि हलक्या जमिनीत ते तग धरते. गरम पाण्यात बसणारी जिगोकुदानीची माकडे आम्ही पाहिली. फोटोत दिसतात तशीच दिसतात, आणि त्यांच्याभोवती कॅमेरे त्यांच्याहून जास्त असतात.

मात्सुमोतोहून बसने आबो बोगदा ओलांडून ताकायामाला गेलो, तिथे रात्रीचे तापमान उणे पाचच्या आसपास होते. मियागावा नदीकाठचा सकाळचा बाजार हिवाळ्यात आटतो, तरी ज्या मोजक्या आज्या दुकान मांडून बसल्या होत्या त्यांच्याकडे लाल सलगमाचे आंबट लोणचे होते आणि प्रत्येकीने काडीवर टोचलेला तुकडा चाखायला दिला. साकेच्या, म्हणजे तांदळाच्या दारूच्या, जुन्या भट्ट्यांच्या दारात सुरूसारख्या सुगी झाडाच्या पानांचा मोठा गोळा टांगतात. तो हिरवा असेल तर नवी साके आली असे समजायचे. हिदाचे गोमांस येथे प्रसिद्ध आहे. आम्ही ते घेतले नाही. मंगळवार आईने लोणचे, भात आणि भाजलेल्या रताळ्यांवर काढला व तक्रार केली नाही.

शिराकावागोला बहुतेक लोक ताकायामाहून सकाळच्या बसने येतात आणि दुपारच्या बसने परततात. माझ्या मते हे पैसे वाया घालवणे आहे. ओगिमाची या तिथल्या मुख्य गावात गवताने शाकारलेली, जवळजवळ साठ अंशांत उतरणाऱ्या छपरांची घरे आहेत, आणि १९९५ मध्ये युनेस्कोने शेजारच्या गोकायामासह त्यांना जागतिक वारसा ठरवले. दुपारी गाव म्हणजे नुसती रांग. पाचच्या सुमारास शेवटच्या बस निघून गेल्या की कुठे पन्हळीचे पाणी ऐकू येऊ लागते. घरांचे छप्पर कसे उभे राहिले ते वादा कुटुंबाच्या घराच्या माळ्यावर चढल्यावर कळते. वासे एकमेकांना खिळ्याने नव्हे, तर गवताच्या दोरांनी आणि लवचीक फांद्यांनी बांधलेले आहेत, त्यामुळे बर्फाचे ओझे आणि वारा आला की सांगाडा थोडा वाकतो, मोडत नाही. माळ्यावर पूर्वी रेशमाचे किडे पाळत. खाली चुलाणात दिवसभर जळणाऱ्या लाकडांचा धूर माळ्याच्या फटींतून वर जाऊन गवताला कीड लागू देत नाही आणि दोर घट्ट करतो. छपराचे गवत काही दशकांनी बदलावे लागते, तेव्हा सारा गाव पैऱ्याने एका घरावर चढतो.

अशाच एका घरात आम्ही मुक्काम केला. भिंती कागदी, नहाणीघर सर्वांत एक, आणि शौचालयाला जाणारी पडवी अशी गार की रात्री उठण्याचा बेत माणूस दोनदा रद्द करतो. पण जेवण! चुलाणाच्या राखेत काड्या रोवून इवाना हा डोंगरी ओढ्यातला मासा मीठ लावून तासभर मंद भाजलेला होता, इतका की डोके आणि काटेही कुरकुरीत लागले. त्याच्याबरोबर वसंतात खुडून खारवलेले नेच्याचे कोंब, वाळवलेल्या अळंब्या, दाट टोफू आणि मॅग्नोलियाच्या सुकल्या पानावर निखाऱ्यांच्या शेगडीवर रटरटणारा मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचे वाटण. पान कडेने काळे पडू लागले की मिसो आतल्या बाजूला ओढून घ्यायचा, नाहीतर कडवट होतो, हे घरच्या आजींनी माझ्या हातातल्या काड्या धरून दाखवले. ताटात मासा, टोफू आणि भात सोडला तर ताजे असे काहीच नव्हते. सारी उन्हाळ्यात-शरदात करून ठेवलेली बेगमी होती. पूर्वी हिवाळ्यात वाट बंद होणाऱ्या गावाने खारवून, आंबवून, वाळवून जे जपले तेच आज त्याचे खासे जेवण झाले आहे, आणि ते बर्फ पडलेला असतानाच खावे. टोकियोत हीच पाने प्लॅस्टिकच्या पाकिटात मिळतात; ती मी आणली नाहीत.

कानाझावामार्गे नाराला आलो तो संक्रांतीच्या आदल्या दिवशी. इथे आमचे एक ठरलेले काम होते. कामो स्टेशनपासून लहानशा बसने डोंगरात गेले की जोरुरिजी हे मंदिर लागते, आणि त्यात किचिजोतेनची, म्हणजे बौद्ध धर्माबरोबर भारतातून चीनमार्गे जपानला पोचलेल्या लक्ष्मीची, तेराव्या शतकाच्या आरंभीची मूर्ती आहे. रंगवलेली, लाकडी, सुमारे ९० सेंटिमीटर उंच. तिच्या देव्हाऱ्याचे दार वर्षातून ठरावीक काळच उघडे असते आणि हिवाळ्यातला काळ १ ते १५ जानेवारी हा आहे. गोरे, भरलेले गाल, वस्त्रांवर अजून टिकलेला लाल-हिरवा रंग आणि डाव्या हातात इच्छा पुरवणारे रत्न. आई बराच वेळ पाहत उभी राहिली आणि मग म्हणाली, "हिची ओटी कोण भरतं?" मंदिराची मांडणी समजावून सांगितली, की मध्ये तळे, पूर्वेला औषधबुद्धाचा पॅगोडा, पश्चिमेला नऊ अमिताभ बुद्धांचे सभागृह, आणि विषुवदिनी सूर्य त्या सभागृहामागे मावळतो, तेव्हा अंबाबाईच्या किरणोत्सवाला न चुकता जाणाऱ्या तिचा पुढचा प्रश्न ठरलेला होता : "मग किरणं मूर्तीवर येत्यात का?" अमिताभ पूर्वेकडे तोंड करून बसलेले असल्यामुळे मावळतीची किरणे त्यांच्या पाठीमागे राहतात, हे तिला फारसे रुचले नाही. तिकिटाच्या खिडकीतल्या बाईंना मात्र तिने तिळगूळ दिला.

गान्सेनजी मंदिराकडे जाणाऱ्या पायवाटेवर खडकात कोरलेले हसरे बुद्ध आहेत आणि अधूनमधून माणूस नसलेली दुकाने. आडव्या काठीला संत्री, लोणची, अळंब्या यांच्या पिशव्या लटकवलेल्या, शेजारी डबा. शंभर येनचे नाणे टाकायचे आणि पिशवी काढून घ्यायची. संत्री लहान, पातळ सालीची आणि थंडीने गोड झालेली होती. ती चालता चालता संपली.

परतीच्या वाटेवर ओसाका. दोतोनबोरी या भागातल्या पाट्या आणि झगमगाट एकदा पाहिला की पुरे. एका मागच्या गल्लीत तव्याच्या टेबलावर बसून ओकोनोमियाकी हे जाड धिरडे खाल्ले, ज्याच्या पिठात हिवाळ्यातला गोड कोबी पिठापेक्षा जास्त असतो. वाढणाऱ्या पोराने ते उलटायला वेळ लावला तशी आईने त्याच्या हातातले उलथणे घेतले, एका झटक्यात उलटले आणि कडा दाबून घेतल्या. वार सोमवार होता, त्यामुळे वर भुरभुरलेल्या माशाच्या पापुद्र्यांनाही तिची हरकत नव्हती.