हिरवा दिवा खरा असावा म्हणून

आमच्या नेटवर्कमधलं काय चालू आहे आणि काय बंद, हे रंगांनी दाखवणारा डॅशबोर्ड उभा केला त्या संध्याकाळी पडद्यावर ४२ चौकोन होते आणि सगळे हिरवे. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला वरच्या मजल्यावरून फोन आला की नेटवर्क नाही. मी पडद्याकडे पाहिलं, त्या मजल्याच्या स्विचचा, म्हणजे तिथले संगणक नेटवर्कला जोडणाऱ्या पेटीचा, चौकोन हिरवाच होता. वर जाऊन पाहिलं तर स्विच पूर्ण काळोखात, एकही दिवा नाही. पॉवर सप्लाय रात्रीच कधीतरी गेला होता.

स्विच बिघडतात, त्याचं मला फार वाटलं नाही. पण ज्या पडद्याकडे बघून आम्ही "सगळं ठीक आहे" म्हणणार होतो, त्यानेच चुकीचं सांगितलं याचा त्रास झाला. पुढचे तीन आठवडे मी याच एका गोष्टीच्या मागे होतो.

मांडणी नेहमीचीच होती. आकडे गोळा करायला प्रोमिथियस, दाखवायला ग्राफाना. स्विच आणि राउटरची आतली माहिती एसएनएमपी एक्स्पोर्टर आणायचा (एसएनएमपी म्हणजे नेटवर्कच्या यंत्राला त्याची स्थिती विचारायची ठरलेली पद्धत, एक्स्पोर्टर म्हणजे ती माहिती प्रोमिथियसला आकड्यांत देणारा छोटा प्रोग्रॅम), बाहेरून पिंग करून, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर येतं का ते बघायचं काम ब्लॅकबॉक्स एक्स्पोर्टरकडे. प्रत्येक चौकोनात पोर्टची, म्हणजे यंत्रावरच्या केबल लावायच्या जागेची, स्थिती सांगणारा आकडा: १ असेल तर हिरवा, नाही तर लाल.

चूक कुठे होती ते सापडायला अर्धा दिवस गेला. चौकोनात कोणती किंमत दाखवायची, या सेटिंगमध्ये मी "शेवटची रिकामी नसलेली किंमत" ठेवली होती आणि डॅशबोर्डचा कालावधी होता १२ तासांचा. रात्री स्विच बंद पडला, त्यानंतर त्याच्याकडून काहीच आलं नाही. मग त्या १२ तासांतली शेवटची किंमत कोणती? बंद पडण्याच्या आधीची, म्हणजे १. मध्यरात्रीचं उत्तर सकाळी नऊला आत्ताचं म्हणून दिसत होतं.

कालावधीतले सगळे बिंदू मागण्याऐवजी फक्त या क्षणाची किंमत मागायची, असा बदल केला. इथे प्रोमिथियसची एक सवय कामी येते. एखाद्या यंत्राकडून माहिती आणायचा प्रयत्न फसला की त्याचे जुने आकडे तो लगेच शिळे धरतो, आणि एरवीही पाच मिनिटांपेक्षा जुना आकडा आत्ताचा म्हणून देत नाही. एका सुट्या स्विचची वीज काढून पडद्यासमोर बसलो. चौकोन लाल व्हायची वाट बघत होतो, तर तो नाहीसाच झाला! आकडाच नाही म्हटल्यावर चौकोन कशाचा काढणार? बाकीचे हिरवे चौकोन सरकून नीट जुळून बसले. त्यात एक कमी आहे हे कोण मोजणार? मला तर हे आधीच्यापेक्षा वाईट वाटलं.

उत्तर प्रोमिथियसमध्येच होतं. ज्या ज्या यंत्राची माहिती आणायला सांगितली आहे, त्या प्रत्येकासाठी तो स्वतःहून "अप" नावाचा एक आकडा लिहून ठेवतो: माहिती मिळाली तर १, नाही मिळाली तर ०. यंत्र गप्प असलं तरी हा आकडा येतोच. त्याच्या जोडीला पिंगचा निकाल घेतला. तिकडून उत्तर आलं नाही तरी तो ० म्हणून नोंदला जातो. आता या दोन्हींवरून चौकोन ठरतो. पिंगला उत्तर नाही आणि एसएनएमपीलाही नाही, तर लाल. पिंग चालतंय पण एसएनएमपी गप्प आहे, तर करडा, आणि आत शब्द "माहिती नाही". कुणी पासवर्ड बदलला, परवानगीच्या यादीतून आमचा सर्व्हर वगळला किंवा आमचा एक्स्पोर्टरच पडला, तर यंत्र धडधाकट असूनही आपण आंधळे असतो. त्या वेळी लाल दाखवणंही खोटं आणि हिरवा दाखवणंही. या सगळ्या कामात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा करडा रंगच.

मग पोर्टची पाळी. पोर्ट एक तर चालू असतो नाही तर बंद, असं मी धरून चाललो होतो. आरएफसी २८६३ हा त्याबद्दलचा मानक दस्तऐवज उघडून वाचला तेव्हा कळलं की पोर्टच्या प्रत्यक्ष स्थितीला सात किंमती आहेत. १ चालू, २ बंद, ३ चाचणीत, ४ अज्ञात, ५ सुप्त, ६ हजरच नाही, ७ खालचा थर बंद. माझ्या नियमाने १ सोडून सगळं लाल होतं, त्यामुळे ज्या जागेतलं मॉड्यूल काढून ठेवलंय तीही लाल आणि दोन केबल मिळून एक केलेल्या ज्या जोडणीच्या दोन्ही केबल निघाल्यात तीही लाल. पहिल्यात करण्यासारखं काही नाही, दुसऱ्यात जिना चढून जावं लागतं. शिवाय प्रत्यक्ष स्थितीच्या शेजारी आणखी एक आकडा असतो, प्रशासकाने पोर्ट कसा ठेवायला सांगितलाय त्याचा. ते दोन एकत्र वाचले की अर्थ लागतो: चालू ठेवायला सांगितलंय आणि बंद आहे, तर ती अडचण, बंदच ठेवायला सांगितलंय, तर तो आपलाच निर्णय. अशांना निळा रंग दिला. आणि ४८ पोर्टच्या स्विचवर ज्यांत कुणी केबलच लावलेली नाही, ते पोर्ट पडद्यावरून काढूनच टाकले. ज्या पोर्टला कॉन्फिगरेशनमध्ये वर्णन लिहिलंय तेवढेच दिसतात. त्यासाठी मला दोन दिवस बसून वर्णनं लिहावी लागली. कंटाळवाणं काम, पण त्यानंतर चौकोनावर पोर्टचा नंबर जाऊन "दुसरा मजला, मुख्य जोड" असं काहीतरी वाचता येणारं आलं.

वर्णनांचा फायदा आणखी एका ठिकाणी झाला. सुरुवातीला मी पोर्ट ओळखायला एसएनएमपीचा अनुक्रमांक वापरला होता. एक राउटर नवं कार्ड घालून पुन्हा सुरू केला आणि त्याने क्रमांक नव्याने वाटले. बाहेरच्या मुख्य जोडणीचा म्हणून जो चौकोन मी बघत होतो, तो आता भलत्याच पोर्टची खबर देत होता, तीही हिरव्या रंगात. अनुक्रमांक रीस्टार्टनंतर तसाच राहील याची खात्री नसते. तेव्हापासून ओळख फक्त पोर्टला लिहिलेल्या वर्णनावरून.

पिंगचे चौकोन मात्र दुसऱ्याच कारणाने छळत होते. पिंगचा एखादा संदेश (पॅकेट) वाटेत हरवला की क्षणभर लाल आणि पुन्हा हिरवा. दिवसभर डोळा मारणाऱ्या चौकोनाकडे आठवड्याभरात कुणी बघेनासं होतं. पिंग दर १५ सेकंदांनी जातो, म्हणजे पाच मिनिटांत २० वेळा. त्या वीसांची सरासरी घेतली: सगळे यशस्वी तर हिरवा, एकही नाही तर लाल, मधलं सगळं पिवळं. लाल व्हायला पाच मिनिटं लागतात हे खरं, म्हणून खरोखर महत्त्वाच्या तीन जोडण्यांना हा काळ एक मिनिटाचा ठेवलाय.

उत्तर यायला लागणाऱ्या वेळेला मी सगळीकडे ५० मिलिसेकंदांची एकच मर्यादा लावली होती, ती बिनविचाराची. प्रकाश फायबरमधून सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे हजार किलोमीटरच्या फायबरवर जाऊन यायलाच १० मिलिसेकंद लागतात, यंत्रांचा वेळ वेगळा. भूस्थिर उपग्रहावरून जाणारी जोडणी तर अगदी निरोगी असतानाही ५०० च्या वर असते. उलट एकाच इमारतीत ४० मिलिसेकंद लागत असतील तर काहीतरी नक्की बिघडलंय, आणि माझा चौकोन तिथे शांतपणे हिरवा होता. आता प्रत्येक जोडणीचा आठवड्याभराचा नेहमीचा वेळ बघून तिची तिची मर्यादा ठरवली आहे.

रंगांबद्दल एक गोष्ट मला सहकाऱ्याने सांगेपर्यंत सुचली नव्हती. त्याला लाल आणि हिरव्यातला फरक नीट दिसत नाही. इतके दिवस तो चौकोनावर बोट टेकवून आतला आकडा वाचत होता आणि काही बोलला नव्हता. ऐकून मला फार अपराधी वाटलं. त्याच दिवशी प्रत्येक स्थितीला शब्द दिला: चालू, बंद, बंद ठेवलेलं, माहिती नाही. लालाला गडद केलं आणि हिरव्याला थोडं निळसर. दूरच्या भिंतीवरच्या पडद्यावर शब्द वाचणं सगळ्यांनाच सोपं जातं, असं नंतर लक्षात आलं.

शेवटचे दोन दिवस फक्त मोडतोड केली. सुट्या स्विचची केबल काढली, पोर्ट बंद करायची आज्ञा दिली, एसएनएमपीचा पासवर्ड चुकवला, एक्स्पोर्टर थांबवला, वीज काढली. प्रत्येक वेळी आधी वहीत लिहायचं की कोणता रंग यायला हवा, मग पडद्याकडे बघायचं. अकरापैकी दोन वेळा चुकीचा रंग आला आणि दोन्ही वेळा दोष माझ्या अटींच्या क्रमात होता: पोर्टची जुनी स्थिती आधी तपासली जात होती, यंत्र गप्प आहे का ते नंतर.

एक चौकोन अजून माझ्या मनासारखा झालेला नाही, राखीव जोडणीचा. तिचा पोर्ट चालू आहे, केबल नीट आहे, म्हणून नियमाने तो हिरवा ठरतो. पण तिच्यावरून काहीच वाहत नसल्यामुळे पलीकडपर्यंतची वाट खरंच मोकळी आहे का, हे त्या हिरव्यात कुठेच येत नाही. पलीकडचा एक पत्ता फक्त त्याच वाटेने जाईल असा स्वतंत्र रूट (मार्गाचा नियम) टाकून त्यावर पिंग लावायचा आहे. तोवर तो चौकोन मी करडा ठेवला आहे.