खिडकीतून दिसतो, यादीत दिसत नाही

महापालिकेच्या निवडणुकीत माझ्याकडे एकच काम असतं: उमेदवाराचा अर्ज छाननीत टिकला पाहिजे. सभा, फेऱ्या, बॅनर यांच्याशी माझा संबंध नाही. 15 जानेवारी 2026 च्या मतदानासाठी अर्ज भरायचा शेवटचा दिवस 30 डिसेंबर होता. आदल्या संध्याकाळी मुलुंड पूर्वेच्या एका निवृत्त कर्नलसाहेबांची फाइल टेबलावर आली. उमेदवारी अपक्ष, पाठीशी दोन-तीन एएलएम (महापालिकेसोबत वस्तीची कामं बघणारे रहिवाशांचे गट) आणि काही सोसायट्यांचे सेक्रेटरी.

फाइल मात्र बघत राहावी अशी. पानांवर क्रमांक, कडेला टॅग, वर अनुक्रमणिका.

फौजी उमेदवाराचं पहिलं दुखणं मतदार यादीत असतं, म्हणून मी आधी तीच उघडतो. नोकरीत असताना यांची नावं बहुधा सर्व्हिस व्होटर, म्हणजे सैन्यात असलेले मतदार म्हणून गावाकडच्या मतदारसंघात असतात. निवृत्तीनंतर राहत्या पत्त्यावर नव्याने नोंदणी करावी लागते आणि पुष्कळांचं तेच राहून जातं. या निवडणुकीला 1 जुलै 2025 ची विधानसभा यादी प्रभागवार फोडून वापरली होती. त्या तारखेपर्यंत नाव मुंबईत आलं नसतं तर पुढचं काही बघायची गरजच नव्हती. साहेबांनी नाव वेळेत आणलं होतं.

मग शपथपत्र. रकाना कोरा सोडायचा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये सांगितलं तरी दर निवडणुकीत कोऱ्या रकान्यांचे अर्ज येतातच. फौजेत मात्र काही घडलं नाही तरी ‘निल रिपोर्ट’ पाठवावा लागतो, त्यामुळे इथे एकही जागा रिकामी नव्हती. उलट सगळीकडे ‘निल’. पत्नीच्या पॅनपुढेही ‘निल’. बाईंकडे पॅन होता, साहेबांना नंबर आठवत नव्हता. ‘निल’ म्हणजे नाहीच, आणि नंतर कुणी पॅन असल्याचं दाखवून दिलं तर ती खोटी माहिती ठरते. ते पान बदललं. कम्युटेशनचे, म्हणजे पेन्शनचा काही भाग एकरकमी घेतल्याचे पैसे त्यांनी मालमत्तेत धरले होते, पण त्या पैशातून घेतलेला फ्लॅट खाली होताच. एकच रक्कम दोनदा आली होती. फ्लॅट ठेवला, रक्कम काढली. अपंगत्व पेन्शनसाठी सैन्यदल न्यायाधिकरणात चाललेला दावा गुन्ह्यांच्या रकान्यात टाकला होता, तो तिथून हलवला. एवढा प्रामाणिकपणा सहसा बघायला मिळत नाही, पण चुकीच्या रकान्यातला प्रामाणिकपणा विरोधकांच्या कामी येतो.

खरा घोळ अनुमोदकाच्या सहीत निघाला. उमेदवार मुंबईच्या यादीतला कुठलाही मतदार चालतो, पण सूचक आणि अनुमोदक त्याच प्रभागातले लागतात. साहेबांनी अनुमोदक म्हणून आपल्या कोर्समेटची, म्हणजे सैनिकी प्रशिक्षणातल्या सोबत्याची सही घेतली होती. ते समोरच्या इमारतीत राहतात आणि प्रभागाची हद्द मधल्या रस्त्यावरून जाते.

“साहेब, हे तुमच्या प्रभागात येत नाहीत.”

“अहो, माझ्या खिडकीतून त्याचा फ्लॅट दिसतो!”

“खिडकीतून दिसतो, यादीत दिसत नाही.”

अनुक्रमांक चुकला, नावात वेलांटी चुकली, तर निवडणूक निर्णय अधिकारी समजून घेऊ शकतात, तो लेखनदोष. अनुमोदकच दुसऱ्या प्रभागातला असेल तर तो दोष मुळातला. मुदत संपल्यावर सही बदलता येत नाही, म्हणजे अर्ज बाद. म्हणूनच एका उमेदवाराला चार अर्ज भरायची सोय असते आणि मी प्रत्येक अर्जावर वेगळे सूचक-अनुमोदक घालतो. एक सही घसरली तरी दुसरा अर्ज उभा राहतो.

रात्री नऊला माणसं शोधायला निघालो. लिफ्टमध्ये ‘गुड इव्हनिंग सर’ म्हणणारे बरेच भेटले. सहीचं नाव काढल्यावर कुणाची रिडेव्हलपमेंटची फाइल अडकलेली, कुणाला गावी निघायचं होतं. एक गृहस्थ तयार झाले, पण यादीत त्यांच्या नावापुढे दोन तारे होते, म्हणजे संभाव्य दुबार नाव. त्यांना सोडून दिलं. शेवटी चाळीतला इस्त्रीवाला, एक निवृत्त शिक्षिका आणि डेअरीवाले नवरा-बायको अशा चार सह्या झाल्या. दोन अर्ज पक्के.

‘फौजी माणूस आहे, लोक मत देणारच’ असं त्यांचे कार्यकर्ते सारखं म्हणत होते. पायदळाच्या पलटणीत आठशेच्या आसपास जवान असतात आणि हुकूम खाली जातो; मुंबईच्या प्रभागात सरासरी 45 हजार मतदार आणि हुकूम कुणाचाच चालत नाही. 1971 साली खुद्द जनरल करिअप्पा, पहिले भारतीय लष्करप्रमुख, मुंबईतून लोकसभेला उभे राहिले आणि पडले. नागरिकांचा उमेदवार इथे येतच नाही असंही नाही. 2007 साली जुहूतून ॲडॉल्फ डिसोझा नगरसेवक म्हणून निवडून आले होते. पण त्यामागे गल्लीबोळातलं काम होतं, हुद्दा नव्हता.

31 तारखेच्या छाननीत एका प्रतिस्पर्ध्याच्या प्रतिनिधीने हरकत घेतली: उमेदवार दरमहा सरकारकडून पैसे घेतो, सबब लाभाचं पद, म्हणून अपात्र. साहेब उठायला लागले, मी हाताने खाली बसवलं. पेन्शन हा झालेल्या सेवेचा मोबदला, पद नव्हे. हरकत दोन मिनिटांत फेटाळली गेली. पुनर्नियुक्तीवर कुठे सरकारी काम करत असते तर मात्र प्रकरण अवघड होतं.

त्याच दुपारी पत्रकाचं प्रूफ आलं. वर गणवेशातला, पदकं लावलेला फोटो. प्रचारात सैनिकांचे फोटो वापरू नका, असं केंद्रीय निवडणूक आयोगाने पक्षांना 2013 मध्ये सांगितलं आणि मार्च 2019 मध्ये पुन्हा बजावलं. महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, उमेदवार अपक्ष, फोटो स्वतःचा. वाद घालता येईल. पण तक्रार झाली तर खुलासे देण्यात प्रचाराचे दिवस जातात, आणि अपक्षाकडे दिवस मोजकेच असतात. साहेब बराच वेळ त्या फोटोकडे बघत होते. मग त्यांनी चौकड्याच्या शर्टातला फोटो मोबाइलवरून छापखान्याला पाठवला.

खाली मुद्रक-प्रकाशकाचं नाव आणि प्रतींची संख्या घालून घेतली. बिलाचा चेक निवडणुकीसाठी उघडलेल्या वेगळ्या खात्यातूनच द्यायला लावला आणि खर्चाच्या वहीत लगेच चढवला. मर्यादा 15 लाखांची आहे, साहेबांचा खर्च तिच्या जवळपासही जाणार नव्हता. पण हिशेब निकालानंतर 30 दिवसांत जिंकलेल्यालाही द्यावा लागतो आणि पडलेल्यालाही.