पॅरिसमध्ये स्वस्त आणि अस्सल जेवायचं तर

आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारात कोणी पॅरिसला निघालं की सल्ला ठरलेला: "थेपले जास्त घे, तिकडचं जेवण परवडत नाही." थेपले घ्याच, पण फ्रेंच जेवण चुकवू नका.

मुख्य जेवण दुपारी करा. बऱ्याच हॉटेलांबाहेर पाटीवर 'फोर्म्यूल' लिहिलेलं असतं, म्हणजे ठरलेल्या दरात दोन-तीन पदार्थ. रात्री तेच महाग पडतं. पाणी मागताना 'कराफ दो' म्हणा, नळाचं पाणी फुकट मिळतं.

माझा लाडका भाग मोंपार्नास. ब्रिटनी या पश्चिम फ्रान्समधल्या प्रांताच्या गाड्या इथल्याच स्टेशनात येतात, म्हणून आसपास तिकडच्या गालेतची दुकानं. कुट्टूच्या पिठाचं काळपट धिरडं, कडा कुरकुरीत, चारी बाजूंनी दुमडलेलं, मधे वितळलेलं चीज आणि अंड्याचा पिवळाधमक बलक! 'कोंप्लेत' नावाच्या गालेतमध्ये हॅम असतं, नको असेल तर आधीच 'सां जांबों' सांगा. आईला मी हेच खाऊ घातलं, तिला फार आवडलं. कांद्याच्या सूपात मात्र बहुधा बीफचा स्टॉक असतो, विचारूनच घ्या.

आणि १८९६ पासून चालू असलेलं 'बुइयों शार्तिए' हे हॉटेल. तिथे वेटर टेबलावरच्या कागदावरच बिल लिहितो. उघडायच्या वेळीच पोहोचा, नंतर लांब रांग लागते.