कुयाबाच्या उन्हात चार रात्री आणि आंब्याखालची खोली

मागच्या ऑक्टोबरात ब्राझीलला जाऊन आले आणि आल्यापासून सगळे एकच विचारतायत, जग्वार दिसला का. दिसला, तीन वेळा दिसला, त्याचं सगळं सविस्तर लिहीन. पण आधी मला कुयाबाबद्दल लिहायचंय. पंतनालला, म्हणजे जग्वार दिसतात त्या तिथल्या प्रचंड पाणथळ प्रदेशात जाणारी बहुतेक माणसं या गावात विमानातून उतरतात, टूरवाल्याच्या गाडीत बसतात आणि तासाभरात गाव सोडतात, मीही तेच करणार होते, पण मला तिथं एका साध्या स्वस्त हॉटेलात चार रात्री काढाव्या लागल्या आणि अख्ख्या ट्रिपमधलं सगळ्यात जास्त तेच आठवत राहिलंय.

झालं असं, माझा दादा साखर कारखान्याच्या मशिनरीतला माणूस. डिस्टिलरीची कामं करता करता तो मातो ग्रोसो राज्यात गेला, तिथं मक्यापासून इथेनॉल करायचे कारखाने आहेत. त्याचं गाव सिनोप, कुयाबापासून वर उत्तरेला जवळपास ५०० किलोमीटर. ठरलेलं असं की मी मुंबई, आदिस अबाबा, साओ पाउलो करत कुयाबाला यायचं, दादानं रात्रीची बस पकडून खाली यायचं आणि मग दोघांनी मिळून पंतनाल. साओ पाउलोला उतरून फोन लावला तर त्याच्या प्लांटवर काहीतरी अडकलेलं. म्हणाला, "चार दिवस लागतील गं मला. तू हॉटेल घे, निवांत थांब, फक्त दुपारची बाहेर फिरू नकोस, ऊन लई बेकार आहे." मी म्हणलं, दादा मी सांगलीची आहे, उन्हाचं काय सांगतोस. इकडं आई सांगलीत जागीच, कुयाबा आणि सांगलीत साडेनऊ तासांचा फरक, तिला झोप म्हणून सांगायलासुद्धा मलाच फोन करावा लागला.

विमानतळावरच बसून हॉटेल शोधलं. एक गोष्ट आधीच सांगते, ब्राझीलमध्ये 'मोटेल' लिहिलेलं असेल तिकडं जाऊ नका, ती तासावर मिळणारी जोडप्यांची जागा असते, मुक्कामाला 'हॉटेल' किंवा 'पोउझादा' बघायचं. मला शहराच्या जुन्या भागात एक मिळालं, १३० रियाल रात्रीचे, एसी, वरचा मजला, नाश्ता धरून. आपले दोन हजारांच्या आसपास झाले. विमानतळ नदीच्या पलीकडं वार्झिया ग्रांजी नावाच्या दुसऱ्या गावात आहे, म्हणजे आपलं सांगली-सांगलीवाडी असतं ना तसं, पूल ओलांडला की कुयाबा. टॅक्सीत एसी होता म्हणून कळलं नाही, हॉटेलच्या दारात उतरले आणि भट्टीचं दार उघडावं तशी झळ तोंडावर आली. दुपारचे साडेतीन, ४१ अंश.

आता ४१ आपल्याकडं काय नवीन नाही. तासगाव, कवठेमहांकाळकडं बेदाण्याच्या शेडमध्ये एप्रिलच्या दुपारी उभं राहिलेल्या माणसाला ४१ चं कौतुक नसतं. पण आपल्याकडं रात्री वारं सुटतं, अंगणात पाणी मारलं की बरं वाटतं, इथं रात्री दहालासुद्धा हवा हलत नव्हती. नंतर वाचलं, समजून घेतलं. सांगली विषुववृत्ताच्या वर सतराएक अंशावर आहे आणि कुयाबा खाली साडेपंधराएक अंशावर, म्हणजे नकाशा मधोमध घडी घातला तर दोन्ही गावं जवळजवळ एकाच ओळीत येतील. पण आपण साडेपाचशे मीटर उंचीवर, कुयाबा दोनशेसुद्धा नाही, शेजारी शापादाचं पठार भिंतीसारखं उभं आणि गाव खाली खोलगट भागात. वर समुद्र कुठल्याच बाजूला जवळ नाही. १९०९ मध्ये रोंदोन नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानं दक्षिण अमेरिका खंडाचा मध्यबिंदू मोजून काढला तो याच गावात, तिथं आता उंच खांब उभारलाय, मी बघून आले. खंडाच्या बरोबर पोटात असलेल्या गावात खारं वारं येणार कुठून! २०२३ च्या ऑक्टोबरात तिथं पारा ४४ च्या वर गेलेला, आणि तिथले लोक स्वतःच्या गावाला 'कुयाब्राझा' म्हणतात, ब्राझा म्हणजे निखारा.

पहिली रात्र फार वाईट गेली. खोली स्वच्छ होती, चादर धुतलेली, बाथरूममध्ये वासबीस काही नाही, पण डोक्यावर थेट स्लॅब. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर उष्णता खाली सोडत होता आणि तो जुना एसी बिचारा रात्रभर आवाज करून जेमतेम ३० पर्यंत आला असेल. शॉवरला तिथं विजेचं यंत्र तोटीलाच बसवलेलं असतं, पाणी तिथल्या तिथं गरम होतं, ते मी बंद केलं तरी नळाला गरमच पाणी, कारण टाकी गच्चीवर. पहाटे चार वाजता उठून खाली आले आणि अंगणातल्या बाकावर बसले. खाली अंगणात प्रचंड आंबा. त्याच्याखाली हवा खोलीपेक्षा गार होती, हे सांगते ते अक्षरशः अंगाला जाणवलं.

मालकीणबाई साडेपाचला उठून आल्या. साठीच्या, पातळ फ्रॉक, हातात पेला, त्यात पाण्यात ढवळलेली ग्वारानाची, म्हणजे तिथल्या एका फळाच्या बियांची पूड आणि साखर. हे तिथल्या जुन्या लोकांचं सकाळचं पेय, पूर्वी म्हणे ग्वारानाची कडक कांडी पिरारुकू नावाच्या मोठ्या माशाच्या खरखरीत जिभेवर किसायचे. मला बाकावर बघून त्यांनी काहीतरी विचारलं, मला पोर्तुगीज येत नाही, मी वर बोट दाखवलं आणि कपाळ पुसलं. त्यांनी माझा हात धरला आणि मागच्या बाजूच्या खोलीकडं घेऊन गेल्या. कौलारू, जाड भिंत, एसी नाही, नुसता पंखा, आंब्याच्या बरोबर खाली. ९० रियाल. फोनवर भाषांतर करून दाखवलं त्याचा अर्थ असा होता की एसीवाल्या खोल्या लोक मागतात म्हणून देते, माझी स्वतःची खोली पंख्याचीच आहे.

पुढच्या तीन रात्री मी तिथं गाढ झोपले. स्वस्त खोली महाग खोलीपेक्षा चांगली निघाली आणि कारण एवढंच की तिला झाडाची सावली होती आणि वर कौल होतं. तरी त्या खोलीचे नियम होते आणि ते मालकीणबाई जातीनं पाळून घ्यायच्या. सकाळी आठला खिडक्या बंद, पडदे बंद. सूर्य गेला की सगळं सताड उघडं. आंघोळ पहाटे, टाकी गार असताना. दुपारी फरशीवर ओलं फडकं. हे सगळं माझी आजी विट्याला करायची, शब्द न् शब्द हेच, "उनं वर आली, दारं लावून घ्या गं" म्हणायची. आपण स्लॅबची घरं बांधली आणि ते विसरलो. मला त्या अंधाऱ्या खोलीत दुपारी पडल्या पडल्या आजीची फार आठवण आली, एकदा रडूही आलं, लिहिते ते खरं लिहिते.

दुपारी अंगणात झोपाळ्यासारख्या झोळ्या टांगलेल्या, त्यांना 'हेजी' म्हणतात. नदीपलीकडच्या वार्झिया ग्रांजीत बायका हातमागावर विणतात त्या, रंगीत फुलापानांच्या, फार सुंदर. एका झोळीला महिनेच्या महिने लागतात. झोळीत पाठीखालून हवा लागते, गादीपेक्षा किती बरं ते मी अनुभवलंय.

आणि भाषा! मला वाटलेलं चार दिवस मुक्यानं काढायचे. पहिल्याच दिवशी खोलीची किल्ली मागायला गेले, चावी चावी करत बोटं फिरवली आणि बाईंनी हसून किल्ली दिली, त्यांच्याकडं 'शावी' म्हणतात. साबण पाहिजे होता, त्यांचा शब्द 'साबाँव'. बादली म्हणायला 'बाउजी', लिहितात मात्र बादलीसारखंच. पोर्तुगीज लोकांनी आपल्याकडं सोडलेले शब्द, पाव, बटाटा, चावी, साबण, बादली, पगार, आपण किती सहज मराठी म्हणून वापरतो. हॉटेलात माणसाला लागतं काय, चावी, साबण, बादली. तिन्ही मला माझ्याच भाषेत मिळाले. नाश्त्याला काजूच्या बोंडाचा रस असायचा, 'काजू' हाही त्यांचाच शब्द आणि झाडही तिथलंच, ते आपल्याकडं आलं, आणि ज्या आंब्याखाली मी झोपले तो आपल्याकडून तिकडं गेला. कुयाबात जिकडं बघाल तिकडं आंबे, रस्त्याच्या कडेला, शाळेत, देवळाच्या आवारात, आणि हंगाम आपल्या उलटा, ऑक्टोबर ते डिसेंबर. रात्री कौलावर आंबा पडायचा, धप्प, मग घरंगळत खाली. पहिल्यांदा दचकले. नंतर त्या आवाजाची वाट बघायला लागले.

नाश्ता साधा पण पोटभर. पपई, कलिंगड, चीज घातलेले गोल गोल पाव, तांदळाचा केक (हा खास कुयाबाचा, आपल्या गोड ढोकळ्याच्या जवळ जाणारा), थर्मासमध्ये कॉफी, हवी तेवढी. दुपारी मी वजनावर जेवण मिळणाऱ्या खानावळीत जायचे, ताट भरायचं, काट्यावर ठेवायचं, तेवढे पैसे. घेवड्याची उसळ आणि भात रोज असतोच, पण शाकाहारी असाल तर उसळीत मांस आहे का ते आधी विचारा, बऱ्याच वेळा असतं.

ऑफिसच्या भिंतीवर कॅलेंडर होतं, त्यावर पांढरा, उंच वशिंडाचा बैल. मी म्हणलं हा तर आपला. मालकीणबाई म्हणाल्या 'नेलोरी'. आंध्रातल्या नेल्लोरवरून नाव पडलंय, आपल्याकडची ओंगोल जनावरं तिकडं गेली आणि आज ब्राझीलभर मांसासाठी तीच पाळतात. मी फोनमधला मामाच्या खिलार बैलजोडीचा फोटो दाखवला, बेंदराचा, शिंगं रंगवलेली, झूल घातलेली. बाई कितीतरी वेळ बघत राहिल्या. खातो का विचारलं. मी म्हणलं नाही, पुजतो. मग त्यांनी फोन घेतला आणि सफाईवाल्या ताईला, कोपऱ्यावरच्या दुकानदाराला, नाश्ता करणाऱ्या ट्रक ड्रायव्हरला, सगळ्यांना तो फोटो दाखवून आल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहालाच पोर्तोच्या बाजारात गेले, नदीकाठी. पाकू नावाचा मासा, आपल्या बाजारात रूपचंद म्हणून मिळतो तो याचाच भाऊबंद. त्याच्या तळलेल्या बरगड्या आणि केळं घातलेली फारोफा, म्हणजे कसाव्याचं भाजलेलं पीठ, फार छान लागतं. नदी बघत बसले होते, पाणी खाली गेलेलं, वाळूचे पट्टे उघडे पडलेले, उन्हाळ्यात सांगलीच्या आयर्विन पुलावरून दिसते तशी कृष्णा. हॉटेलात आल्यावर बाईंना २०१९ चे सांगलीच्या पुराचे फोटो दाखवले, बसस्टँडला होड्या होत्या ते. त्या गप्प झाल्या. मग १९७४ चा पूर सांगायला लागल्या, नदीकाठची वस्तीच्या वस्ती गेली म्हणाल्या, त्या तेव्हा लहान होत्या. आता वर मान्सो नदीवर धरण झालंय. आपण कोयनेतून किती सोडलं ते विचारत रात्र काढतो, हे त्यांना भाषांतर न करताच कळलं.

त्या दिवशी संध्याकाळी आभाळ विटकरी होतं आणि धुराचा वास येत होता. कुठंतरी गवत पेटलेलं. २०२० मध्ये पंतनालचा जवळपास चौथा हिस्सा जळाला, एवढा मोठा पाणथळ प्रदेश, आणि जळाला. जग्वार बघायचे तर कोरड्या दिवसांत, जुलै ते ऑक्टोबर, म्हणजे माणसं येतात तीही आगीच्या आणि उन्हाच्याच दिवसांत. मी स्वतः त्यातलीच एक, याचा विचार अजून डोक्यात आहे.

कुणी जाणार असेल तर थोडं कामाचं. वरचा मजला घेऊ नका, खालची, अंगणाकडची, झाडाखालची खोली मागा, एसी आहे का याच्या आधी छत कसलंय ते विचारा. आपला दोन गोल पिनांचा चार्जर तिथं बसतो, तीन पिनांचा बसत नाही. पिवळ्या तापाची लस निघायच्या दहा दिवस आधी घ्याच, मी मुंबईला जाऊन घेतली, परत येताना आपल्याच विमानतळावर सर्टिफिकेट मागतात. साओ पाउलोहून येताना घड्याळ एक तास मागं करा. आणि एक तरी पूर्ण दिवस कुयाबासाठी ठेवा.

पाचव्या दिवशी पहाटे दादा आला, डोळे लाल, रात्रभर सोयाबीन-मक्याच्या ट्रकांच्या मागून बस आलेली. तो कुयाबावरून चार वेळा गेलाय आणि त्यानं फक्त बसस्टँड बघितलेलं. मी त्याला माझ्या खोलीत पंख्याखाली झोपवलं. बाईंना सांगलीहून आणलेलं भडंगचं शेवटचं पाकीट दिलं, त्यांनी लसणाचा वास घेतला, मूठभर खाल्लं आणि राहिलेलं डब्यात घालून झाकण लावून ठेवलं. मला त्यांनी पिशवीभर आंबे दिले. पंतनालच्या वाटेवरच्या पोकोने गावाकडं जाणारी गाडी आठला दारात आली तेव्हा दादा इतका गाढ झोपलेला की उठवायला माझा जीव होईना, मी तसं खुणेनं सांगितलं, तर बाईंनी ड्रायव्हरला आत बोलावलं, आंब्याखाली खुर्ची दिली आणि कॉफी ओतली. वीस मिनिटं उशिरा निघालो.